हात मागे

निवृत्त होणाऱ्या माणसाचा परिचय वाचायची आमच्या खात्यात एक ठरलेली रीत आहे. शाल खांद्यावर टाकायच्या आधी कोणीतरी शिक्षक कागद घेऊन उभा राहतो आणि जन्मगाव, शिक्षण, कुठं किती वर्षं नोकरी, कोणकोणती पदं, असं एका दमात म्हणून टाकतो. माझ्या वेळी हे काम ज्या पोरीकडं आलं ती आदल्या दिवशी माझ्याकडं वही घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाकडं कशा वळलात, तेवढं दोन ओळींत सांगा ना." मी म्हटलं, "वडील सैन्यात उस्ताद होते, त्यामुळे शिस्त घरातूनच मिळाली, असं लिही." तिनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याला टाळ्याही पडल्या. खोटं काही नव्हतं त्यात. पण दोन ओळींत जे बसलं नाही ते आता रिकामपणी लिहायला घेतलं आहे. कोणाला वाटेल, म्हातारपणी ह्या बाईला काय सुचलं. वाटू द्या.

बाबांची नोकरी सांगायची तर ती फार सरळ होती. दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी ते बैल पाहायला म्हणून गेले आणि भरतीच्या रांगेत उभे राहिले, तेव्हा त्यांना सतरावं चालू होतं. त्यांची कवायत इतकी स्वच्छ की वरच्यांनी त्यांना सीमेवर पाठवलंच नाही, ट्रेनिंग सेंटरमध्येच ठेवून घेतलं. तिथं कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते उस्ताद झाले, हवालदार झाले, सुभेदार होऊन घरी आले, आणि एवढ्या सगळ्या काळात त्यांनी लढाई पाहिली नाही. नवे रंगरूट यायचे, महिन्यांनी तयार होऊन गाडीत बसून जायचे, त्यातलं कोण परतलं आणि कोण नाही हे त्यांना कळायचं नाही. "म्या पोट्टे घडवले, मंग त्यायचं काय झालं ते पाह्यलं नाही," असं माझ्यासमोर ते एकदाच बोलले आणि लगेच उठून गोठ्याकडं गेले. लढाई न पाहिलेला सुभेदार, हे त्यांच्या जिवाला लागलेलं असावं. गावात मात्र कोणी तसं म्हणत नसे. गावात त्यांना उस्तादच म्हणत, अगदी बायकासुद्धा.

ते परत आले तेव्हा कापसाचे दिवस वाईट चालले होते. कधी पऱ्हाटीवर लाल्या पडायचा, पानं रक्तासारखी लाल होऊन गळायची, आणि लाल्यातून वाचली तर बोंडात अळी निघायची. ज्यांच्या घरात दोन पोरं होती ते एकाला उस्तादकडं पाठवायला लागले. वावरात पिकून नाही राह्यलं तर फौजेत तरी जाऊ दे, असं ओट्याओट्यावर बोललं जायचं. बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं एक उजाड मैदान होतं, तिथं बाबांनी पोरांना जमवलं. सकाळी पाचला त्यांची शिट्टी वाजायची आणि मग गावात दुसरा आवाज उरायचा नाही. सावधान, विश्राम, पीछे मुड. विश्राम म्हटलं की चाळीस पोरांचे हात एकदम पाठीमागं जायचे. धावून आलेल्या पोरांना भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा द्यायचा, हा बाबांचा नेम, आणि ती पितळी डेगची मैदानावर नेणं हे माझं काम. मला त्याचा राग यायचा. दहावी झालेल्या पोरीनं चाळीस पोट्ट्यांसमोर हरभरे वाटत उभं राहायचं, ह्यात कसली शोभा.

वावर मायचं होतं. कागदावर बाबांचं, पण बाबा नोकरीवर असताना नांगरटीपासून वेचणीपर्यंत सगळं तिनंच केलेलं, त्यामुळे ते परत आल्यावरही कुठं काय पेरायचं हे तीच ठरवायची. सकाळी चुलीवर भाकरी थापण्याचा थप थप आवाज, पाट्यावर मिरची-लसणाचा ठेचा, अंबाडीची भाजी शिजताना येणारा आंबूस वास, आणि त्या सगळ्यातून तिची बडबड. माय सतत बोलायची. बैलाशी, चुलीशी, स्वतःशी. आणि माझी धाकटी बहीण कुंदा, जिला जन्मापासून एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तिच्याशी ती सर्वांत जास्त बोलायची, तोंडानंही आणि हातांनीही. नाकातल्या चमकीला बोट लावलं की माय. मिशीवरून बोट फिरवलं की बाबा. वेणी ओढल्यासारखं केलं की मी. एक मूठ वरखाली हलवली की फवारणीचा पंप. अशा शंभरेक खुणा आमच्या घरात तयार झाल्या होत्या, कोणी केल्या ते आता सांगता यायचं नाही. आठ वर्षांची कुंदा त्या खुणांनी गावभरच्या चुगल्या सांगायची, लोकांच्या चालण्याच्या नकला करायची, आणि माय पदर तोंडाला लावून हसायची. मुकी पोरगी म्हणून आमच्या घरी कोणी दुःख करत बसलेलं मला आठवत नाही. दुःख नंतर आलं, इलाज करायला निघालो तेव्हा.

यवतमाळला बहिऱ्या मुलांची एक वसतिशाळा होती, तिच्या मुख्याध्यापिका दाणीबाई. वडील कोर्टात कारकून, घरात सगळे शिकलेले, बाई स्वतः आधी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचा सख्खा भाऊ बहिरा होता. त्याला घरच्यांनी मागच्या खोलीत वाढवला आणि तो तिथंच गेला. त्यानंतर बाईंनी ती नोकरी सोडली, मोठ्या शहरात जाऊन ह्या शिक्षणाची पदवी घेतली आणि परत येऊन चार मुलांवर शाळा सुरू केली. पुढं मी त्यांच्याच हाताखाली अकरा वर्षं नोकरी केली, तेव्हा सांगते, एवढी कष्टाळू बाई मी दुसरी पाहिली नाही. पण त्यांच्या पदवीनं त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. मुलानं ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं. खुणा नाहीत. खुणांची सवय लागली की मूल जीभ हलवायचा कंटाळा करतं, आणि मग ते जन्मभर मुकंच राहतं.

बाबा कुंदाला घेऊन गेले तेव्हा मीही सोबत होते. बाईंनी कुंदाच्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, हिच्या खुणा फार झाल्यात. आधी त्या बंद करा. सहा महिने घरात एकही खूण नको. हिनं केली तर नजर काढून घ्यायची. बघणारं कोणी नसलं की हात आपोआप थांबतात. दिवाळीनंतर घेऊन या. हा तक्ता घ्या, त्यावरचा एक शब्द जरी नीट म्हणाली, तरी मी हिला बोलायला शिकवायच्या वाचावर्गात घेते. नाही तर मग माझ्याकडं जागा नाही."

बाबा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. त्यांना हे सगळं ओळखीचं वाटलं असणार. नेम, मुदत, परीक्षा. ते म्हणाले, "होऊन जाईन मॅडम." बाई हसल्या. "सगळेच पालक तुमच्यासारखे मिळाले असते तर माझं निम्मं काम झालं असतं." ह्या वाक्यानं बाबा खूश झाले. परतीच्या जीपमध्ये त्यांनी ते मला दोनदा ऐकवलं.

घरी आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि हुकूम सांगितला. कुंदासमोर असताना प्रत्येकानं विश्राममध्ये उभं राहायचं. हात मागे. कुंदाचेही हात मागे. माय पिठाचे हात घेऊन उभी होती. म्हणाली, "अन् म्या भाकर थापू कशी? पायानं?" माय पुन्हा म्हणाली, "पोरगी सांगते, आपल्याले समजते. मंग तिचं तोंड कायले उघडवून राह्यले तुमी?" बाबा शांतपणे म्हणाले, "आपण मेल्यावर तिले कोन समजून घेईन?" त्यावर माय पिठाचे हात घेऊन चुलीकडं वळली. खरं सांगायचं तर तो प्रश्न आजही खोटा नाही. पुढं माझ्या नोकरीत रोज पालक तो मला विचारत होते.

कुंदाला शिकवायची ड्यूटी माझ्यावर आली. बाईंनी दिलेला तक्ता, त्यावर दहा शब्द, पहिला 'आई'. आमच्या घरात मायला माय म्हणत, पण तक्त्यावर आई होतं, म्हणून आई. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा, मी म्हणायचं, मग तिचा हात तिच्या गळ्यावर. तिच्या तोंडून नुसती घरघर निघायची. हात पुढं आले की मी भिंतीकडं पाहायची. पहिल्या महिन्यात ती माझ्यासमोर येऊन हात नाचवायची, मी वळले की त्या बाजूला यायची. दुसऱ्या महिन्यात ती बाबांना दिसली की स्वतःच हात मागं बांधायला लागली, टाचा जुळवून, मैदानावरच्या पोरांसारखी. बाबांना त्याचं कौतुक वाटलं. तिच्या नकला बंद झाल्या, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मायच्या आलं असेल. ती वावरात जाताना कुंदाला हट्टानं सोबत न्यायची, आणि मला पक्कं वाटतं की तिथं, बाबांच्या नजरेआड, दोघी पोटभर बोलायच्या. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बाबांना सांगावं लागलं असतं.

त्या वर्षी अळी काही मरत नव्हती. दुकानदार म्हणायचा, दोन दवा एकत्र करा, मग म्हणायला लागला तीन करा. फवारायला माणूस मिळेना म्हणून माय स्वतःच पाठीवर पंप घ्यायची. बादलीत दवा ओतायची, तुराटीनं ढवळायची, काडी आखूड पडली तर हातानं. संध्याकाळी तिला मळमळायचं, डोकं धरायची. "वासानं होते," म्हणायची आणि लिंबू चोखायची.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. तो रविवार होता, त्या दिवशी सराव ऊन चढेपर्यंत चालायचा. माय कुंदाला घेऊन सकाळीच वावरात गेली होती आणि मी डेगची घेऊन मैदानावर. बाबांनी गळ्यातल्या घड्याळाचं बटण दाबून पोरांना मैलाच्या धावेला सोडलं होतं. पहिली पोरं परत दिसायला लागली तेवढ्यात वावराच्या बाजूनं कुंदा पळत आली. पायात चप्पल नाही, फ्रॉक पुढून ओला. पाटात पडली असेल असं मला वाटलं. ती थेट बाबांच्या समोर येऊन थांबली आणि तिचे दोन्ही हात एकदम सुरू झाले. बाबांनी तिच्याकडं नीट पाहिलंही नाही. सवयीच्याच आवाजात म्हणाले, "हात मागे."

तिनं हात मागं घेतले. ती एवढी घाबरलेली, धापा टाकत होती, तरी टाचा जुळवून तिनं हात मागं घेतले. बाबा ओठ मोठे करून म्हणाले, "तोंडानं बोल." तिनं मान वर केली. गळ्याच्या शिरा फुगल्या. आणि ती म्हणाली, "आई."

स्पष्ट. घरघर नाही, अडखळणं नाही. पाच महिन्यांत एकदाही न निघालेला शब्द. मग एका पोरानं टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली, धापा टाकत टाकत. बाबा गुडघ्यावर बसले. "और एक बार," म्हणाले. ती म्हणाली, "आई." आणखी एकदा म्हणाली, मोठ्यानं, जवळजवळ किंचाळून. तिचे डोळे वाहत होते. बाबांचेही वाहत होते. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, पोरांना सुट्टी दिली आणि म्हणाले, "चाल, घरी जाऊ. तुही माय आली का तिच्यासमोर म्हणून दाखव." ती खांद्यावर पाय झाडत होती, त्यांचे केस ओढत होती. लाजून राह्यली, असं कोणीतरी म्हणालं.

आम्ही घरी जाऊन मायची वाट पाहत बसलो. हे वाक्य मी कितीतरी वेळा लिहून खोडलं आहे. मी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. बाबांनी कुंदाच्या तोंडात साखरेची चिमूट घातली, ती तिनं थुंकली. ते ओट्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी सांगायला लागले. आतमध्ये कुंदा माझ्यासमोर आली आणि तिनं हात पुढं काढले. मूठ वरखाली. चमकीला बोट. मग गाल तळहातावर टेकवून डोळे मिटले. मी पहिली खूण पाहिली, दुसरी पाहिली. माय फवारून राह्यली, एवढं कळलं, आणि ते तर आम्हाला ठाऊकच होतं. तिसरीच्या वेळी मी भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. ती अर्धीच दिसली. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वळवलं. मला वाटलं, आजच्या दिवशी नको, आज ही बोलली आहे, आज बिघडायला नको. मी कढईवरचा हात काढला आणि तिची दोन्ही मनगटं तिच्या पाठीमागं नेऊन धरली. घट्ट धरली. तिनं माझ्या खांद्याला चावलं तरी सोडली नाहीत.

शेजारच्या वावरातला किसनकाका सायकल अंगणातच टाकून आत आला. "उस्ताद, वहिनी वावराच्या धुऱ्यावर पडून हाये. तोंडातून फेस येऊन राह्यला. कवाची पडली काय मालूम." बाबांनी एकदा कुंदाकडं पाहिलं. मग सवयीनं त्यांचा हात गळ्याशी गेला आणि घड्याळाचं बटण दाबलं गेलं. पोरांना धावेला सोडल्यापासून ते चालूच राहिलं होतं. दारव्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?" तेव्हा बाबांनी घड्याळच पुढं केलं. एकेचाळीस मिनिटं. त्याआधीचा वेळ फक्त कुंदाला माहीत होता. डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि यवतमाळला न्यायला सांगितलं. जीप वाटेतल्या लाडखेडला पोचायच्या आतच मायचा हात माझ्या हातात गार झाला. त्याला दवेचा वास येत होता. पुढं मी कितीही साबण लावला तरी माझ्या हाताला तो येत राहिला.

दाणीबाई भेटायला आल्या. सतरंजीवर बसल्या. लोकांनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. निघताना त्यांनी मला दारापाशी बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "उच्चार स्पष्ट होता का गं?" मी म्हटलं, "हो, बाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं, हे अकरा वर्षं एका खोलीत बसूनही मला ठरवता आलं नाही. त्यांना ते विचारायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही. मागच्या खोलीत गेलेल्या भावाची ती बहीण होती, तिनं दुसरं काय विचारलं असतं.

कुंदा त्या दिवसांत कोणाकडं हात करून बोलली नाही. जेवायला दिलं तर जेवायची, निजवलं तर निजायची. मायला नेलं तेव्हाही ती दारात हात मागं घेऊन उभी होती आणि कोणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी उजाडताना भरतीची पोरं आपणहून अंगणात येऊन उभी राहिली. उस्ताद मैदानावर येणार की नाही हे त्यांना विचारायचं होतं, पण आत यायची हिंमत होत नव्हती. बाबा माजघरात खाली बसले होते. कुंदा आतून आली, त्यांच्यासमोर थांबली, टाचा जुळवल्या, हात मागं घेतले आणि म्हणाली, "आई." बाबांनी वर पाहिलं. तिनं पुन्हा म्हटलं. प्रत्येक वेळी आणखी नीट, 'ई' लांबवून, ओठ ताणून, आणि दर वेळी त्यांच्या तोंडाकडं पाहत. चौथ्या की पाचव्या वेळी मला कळलं ती काय विचारते आहे ते. तिला वाटत होतं, त्या दिवशी तिच्याकडून शब्द चुकला. नीट म्हणता आला असता तर आम्ही धावत गेलो असतो.

बाबांनाही ते कळलं. बरोबर होतं म्हणावं, तर मग कोणी का गेलं नाही? चुकलं म्हणावं, तर ती आठ वर्षांची पोर ते जन्मभर घेऊन फिरेल. मग त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचे कान धरले. घट्ट धरले आणि मान खाली घातली. कुंदा पाहत राहिली. तिचे हात पाठीमागून हळूहळू सुटले.

अंगणातल्या पोरांना उघड्या दारातून आतलं दिसत होतं. चाळीस पोरं ज्याच्या शिट्टीवर उभी राहायची तो माणूस एका लेकरापुढं कान धरून बसला होता. मी उठले आणि दार लावून घेतलं. बापाची लाज राखली, असं मला त्या वेळी वाटलं. त्यातली बरीच पोरं पुढं फौजेत गेली, काही तिथं उस्तादही झाली, आणि त्यांनी विश्राम म्हटलं की किती जणांचे हात मागं गेले असतील कोण जाणे. दार उघडंच ठेवायला पाहिजे होतं.